अर्जुनभाऊंची पोच

अर्जुनभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. चेहरा दिसायला वीसेक मिनिटं गेली, कारण चेहरा खिडकीत होता.

ती खिडकी ज्यांनी भोगली आहे त्यांना तिचं वर्णन सांगायला नको. काच, काचेला खाली अर्धचंद्रासारखं भोक, आणि ते भोक नेमकं अशा उंचीवर, की चार फुटांच्या वरच्या कोणालाही कमरेत वाकल्याशिवाय आतल्या माणसाशी बोलता येऊ नये. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, महाराष्ट्रातल्या यच्चयावत कॉलेजांच्या खिडक्या एकाच सुतारानं केल्या असाव्यात असा माझा संशय आहे. साल १९९९, मे महिना, दुपारचा दीड. जळगावचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे सावलीलाही सावली शोधावी लागते. मी बोनाफाईडसाठी रांगेत तिसरा. सगळ्यात पुढं एक पांढरा शर्ट, पाठीवर घामाचा नकाशा, खांद्याला कापडी पिशवी.

आतून आवाज आला, "साहेब जेवायला गेलेत."

"किती वाजता गेले?" शर्ट म्हणाला.

"गेले आत्ताच."

"येतील किती वाजता?"

"जेवण झालं की."

"बरं. तसं लिहून द्या."

आत शांतता पसरली. पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग खुर्ची सरकली, कोणीतरी कोणालातरी हाक मारली, आणि जेवायला गेलेले साहेब मागच्या टेबलावरून, हातात पुरी-भाजीचा डबा तसाच धरून, उठून आले.

शर्ट सरळ झाला, वळला, आणि रांगेकडे पाहून म्हणाला, "काय काम शे, भो?"

"बोनाफाईड," मी म्हणालो.

"अर्ज?"

"तोंडी सांगितलं तरी देतात ना?"

पायाला काविळीचा गंडा बांधून आलेल्या रोग्याकडे डॉक्टर जसा पाहील तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीतून फुलस्केप काढला, मध्ये कार्बन घातला, भिंतीला टेकवून दोन मिनिटांत माझा अर्ज लिहिला. मी 'विनंतीपूर्वक' म्हणून सुचवलं तर त्यांनी ते लिहिलं आणि लगेच खोडलं. "विनंती लग्नात करतात. इथं 'सादर करतो' म्हणायचं." खालची प्रत माझ्या हातात देऊन म्हणाले, "वरची देजो, खालचीवर सही-शिक्का लेजो. पोच. पोच नही तर अर्ज नही."

मराठीत पोच या शब्दाला दोन अर्थ आहेत. ज्याला कळत नाही त्याला आपण 'पोच नाही' म्हणतो. हे दोन अर्थ एकच आहेत, असं अर्जुनभाऊंचं प्रामाणिक मत आहे.

त्यांचं पाळण्यातलं नाव निराळं. अर्ज करून करून ते अर्जुन झाले, आणि 'भाऊ' खानदेशात फुकट मिळतं. होस्टेलच्या पोरांनी दिलेलं हे नाव त्यांनी मनापासून स्वीकारलं. महाभारतातल्या अर्जुनाला फक्त पोपटाचा डोळा दिसत होता, ह्यांना फक्त आवक क्रमांक दिसतो. पिशवीत स्टेपलर, टाचण्या, गोंदाची चपटी बाटली, रेव्हेन्यू तिकिटं, कार्बन आणि स्वतःचे आठ पासपोर्ट फोटो कायम. फोटो एफ.वाय.च्या वर्षाचे. पुढं भाऊंचं कपाळ वाढत गेलं, फोटो तेच राहिले, आणि खिडकीतल्या माणसानं फोटोकडे आणि भाऊंकडे आळीपाळीनं पाहिलं की भाऊ म्हणायचे, "वाट पाहण्यात गेले केस. तसं लिहून देऊ का?"

विद्यापीठाच्या नावानं बोटं मोडणारे विद्यार्थी पैशाला पासरी मिळतात. निकाल उशिरा, पेपर अवघड, सर शिकवत नाहीत, शिकवतात तर कळत नाही, ग्रंथालयात पुस्तक नाही, आहे तर ते सरांच्या घरी आहे. अर्जुनभाऊंना अशा पोरांची चीड. चौथ्या लेक्चरला बंक मारून कॅन्टीनवर कोणी म्हणालं, "आपलं विद्यापीठ बेकार आहे यार," की भाऊ त्याच्यासमोर बसायचे. कोणतं खातं? कोणती तारीख? कोण होतं टेबलावर? पोरगं ततपप करायला लागलं की निर्णय द्यायचे: "ही तक्रार नाही, हा उसासा आहे. उसाशाला आवक क्रमांक पडत नाही."

उसाशाची तक्रार करून देणं ही मात्र त्यांची खरी कला. एका होस्टेलच्या मेसमध्ये शेवभाजी नावाचा एक पदार्थ गुरुवारी असायचा. आता शेवभाजी म्हणजे काय, हे खानदेशी माणसाला सांगणं म्हणजे पंढरपूरला विठोबा दाखवणं. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर बोटभर लाल तर्री, आणि जाड तिखट शेव ऐन वेळी टाकलेली. ती अर्धी मऊ अर्धी कुरकुरीत असतानाच खायची. मेसमधल्या वाटीत तर्री होती, रस्सा होता. पोरं रोज शिव्या घालून जेवायची. अर्जुनभाऊंनी अर्ज लिहिला. त्यातलं एक वाक्य आमच्या पिढीला अजून पाठ आहे: 'दि. १४ रोजी रात्रीच्या भोजनात शेवभाजी या नावाने दिलेल्या पदार्थात शेवेचे अस्तित्व चौकशीअंती वाटीच्या तळाशी आढळून आले, तरी सदर शेव ही त्याच दिवसाची आहे किंवा कसे याचा खुलासा व्हावा.' खाली साठ सह्या.

मेसवाला हुशार निघाला. डिसेंबर होता. त्यानं रविवारी बामणोदची वांगी आणली, होस्टेलमागच्या मोकळ्या जागेत पऱ्हाट्यांचा जाळ केला, वांगी त्यात काळीठिक्कर होईपर्यंत भाजली. साली काढून, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून लाकडी मुसळीनं ठेचली. कांद्याची पात, शेंगदाणे, सढळ हातानं तेल, बरोबर कळण्याची भाकरी. साठही सह्या पंगतीला बसल्या. रात्री अकराला अर्ज मागं घेतल्याचा दुसरा अर्ज तयार झाला, आणि तो लिहायलाही पोरं भाऊंकडेच गेली. "भरितावर तक्रार विकली!" भाऊ तापले. पण लिहून दिला, कारण कोणी अर्ज मागितला तर नाही म्हणायचं नाही हा त्यांचा धर्म. ते स्वतः जेवले का? जेवले. दोन भाकरी. फक्त जेवण्यापूर्वी त्यांनी तोंडी हरकत नोंदवली.

भाऊ धुळ्याचे. गल्ली नंबर सहा. आणि त्यांची सगळ्यात जुनी, वडिलोपार्जित तक्रार विद्यापीठाच्या जागेबद्दल आहे.

तिचा इतिहास असा. भाऊंचे आजोबा अमळनेरच्या प्रताप कॉलेजात शिकले. कॉलेज निघालं १९४५ साली, तेव्हा विद्यापीठ मुंबईचं. पुढं पुणे विद्यापीठ निघालं आणि खानदेशातली कॉलेजं पुण्याकडे गेली. म्हणून वडिलांची पदवी पुण्याची, आणि ते शेवटपर्यंत 'आमचं पुणे विद्यापीठ' असं म्हणत, जणू रोज लकडी पुलावरून सायकल हाणत होते. मग १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. नाशिक पुण्याकडेच राहिलं, जळगाव आणि धुळे इकडं आले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा जिल्हा निघाला तेव्हा दोनाचे तीन झाले. भाऊंची पदवी जळगावची. म्हणजे एकाच घरातली तीन माणसं, तीन विद्यापीठं, आणि घर एका विटेनं हललेलं नाही. मुंबई, पुणे, जळगाव असं विद्यापीठच घराकडे सरकत आलं. याच चालीनं नातवाच्या वेळी ते गल्ली नंबर सहात येईल, असं मी एकदा म्हणालो. भाऊ गंभीरपणे म्हणाले, "आलं म्हणजे आमच्या दारात गाड्या लावतील."

धुळ्याहून जळगाव नव्वदेक किलोमीटर. एसटीनं पारोळा, एरंडोल, पाळधी. बस एरंडोलला दहा मिनिटं थांबते ती पंचवीस होते, रस्त्याचं काम निघालं की विचारूच नका, आणि ते काम निघालेलं नाही असं वर्ष भाऊंना आठवत नाही. एकदा उकाड्यात, कंडक्टरच्या मागच्या सीटवर बसून, त्यांनी मला हिशेब सांगितला. "आजोबांना मुंबई लांब, म्हणून ते आयुष्यात एकदा गेले. वडिलांना पुणं लांब, म्हणून ते दोनदा गेले. मला जळगाव जवळ, म्हणून मी दर आठवड्याला जातो. आता तूच सांग, लांब कोणतं पडलं?"

या गणितातली चूक मला आजवर सापडलेली नाही.

विद्यापीठ धुळ्यालाच का हवं होतं, याचा त्यांचा युक्तिवाद कागदाचा आहे. कागदाची कदर धुळ्याला! इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्यांच्या पुड्यांतून दप्तरं वाचवली, आणि शेवटी धुळ्यात आले. १९२६ च्या डिसेंबरात इथंच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ पुढं इथंच उभं राहिलं, ती दप्तरं आजही तिथं आहेत. भाऊ स्वतःला त्याच परंपरेतले समजतात. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधनं बावीस खंडांत काढली. भाऊंकडे स्वतःच्या टी.वाय.ची साधनं आहेत, तूर्त सात फायली.

जळगावचा माणूस यावर एकच शब्द उच्चारतो: रेल्वे. आणि इथं धुळेकराचं तोंड बंद होतं. भुसावळ जवळ, सुरतेची लाइन जळगावला मिळते, मुंबईची गाडी दारात. धुळ्याला चाळीसगावहून एक फाटा येतो आणि धुळ्यालाच संपतो, रुळांनाच पुढं जायचा कंटाळा आल्यासारखा. मनमाड–इंदूर मार्गाची वाट धुळ्यानं इतकी पाहिली, की तो विषय आजोबांच्या मृत्युपत्रात असता तर मला नवल वाटलं नसतं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्या मार्गाला मंजुरी दिली, १८ हजार कोटींच्या वरचा खर्च, तीनशेवर किलोमीटर. धुळ्यात पेढे वाटले असतील म्हणून मी मुद्दाम फोन केला. भाऊ म्हणाले, "म्हणजे आवक क्रमांक पडला."

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नव्वद किलोमीटरवर इतकं बोलणारे भाऊ एका दिवशी गप्प बसले होते.

मी तेव्हा एम.ए.ला होतो. एका ऑफिसच्या व्हरांड्यात धडगावचा एक मुलगा बसला होता. सातपुड्यातून निघून, नंदुरबारला कोणाकडे तरी रात्र काढून, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलेला. दुबार गुणपत्रक हवं होतं, मूळचं पावसात भिजलं होतं. ते भिजलेलं त्यानं आणलं होतं, प्लास्टिकच्या खताच्या पिशवीच्या कापलेल्या तुकड्यात, घडी न मोडता. अंक पुसले होते, कडेची नक्षी तेवढी राहिली होती. खिडकीतून त्याला काय सांगितलं होतं ते त्याला नीट कळलं नव्हतं आणि पुन्हा विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून तो बसला होता. किती वेळ? सकाळची शाळा सुटून दुपारची भरावी इतका. त्याची कसली तक्रार नव्हती. भाऊंनी तीन प्रश्न विचारले, चार ओळींचा अर्ज लिहिला. त्यात ना खुलासा होता, ना चौकशीअंती. ते स्वतः खिडकीवर गेले, आणि आयुष्यात त्या एकाच दिवशी त्यांच्या तोंडून 'तसं लिहून द्या' आलं नाही. 'बघा ना साहेब, लांबचा आहे' असं काहीसं म्हणाले. विनंतीपूर्वक. सहीला साडेसहा झाले, मुलगा गेला, भाऊंची धुळ्याची शेवटची सोयीची गाडीही गेली.

रात्री ते माझ्या खोलीवर राहिले. आम्ही खिचडी केली. दोन वाजता जाग आली तर भाऊ उठून बसलेले.

"काय झालं?"

"त्या पोरनी पोच लिधी का नही रे?"

२०१८ साली विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. नाव झालं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव. पेपरवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं 'कबचौउमवि' केलं, जे एका दमात म्हणता आलं तर दात शाबूत आहेत असं समजावं. भाऊंचा नावाला विरोध नव्हता. असोद्याची लेक, जळगावची सून, तिचं नाव द्यायचं नाही तर कोणाचं द्यायचं? त्यांची हरकत चौकटींवर होती. नोकरीच्या अर्जात 'विद्यापीठाचे नाव' यासमोर जेमतेम तीन इंच जागा असते. मुंबईवाला 'मुंबई' लिहून मोकळा होतो, उरलेल्या जागेत त्याचा पत्ताही मावतो. आपला मुलगा 'चौधरी'पर्यंत येतो तोवर कागद संपतो. उत्तर महाराष्ट्र समासात, विद्यापीठ पाठीमागं. "चौकट वाढवा म्हणून अर्ज केला आहे," भाऊ म्हणाले. कोणाला केला ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

पण बहिणाबाईंशी त्यांचं आतून काही जुळलं आहे. त्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात ओव्या सुचायच्या. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ लिहून घ्यायचे. ती १९५१ च्या डिसेंबरात गेली, पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेऊन पुस्तक काढलं. अर्जुनभाऊंना यातलं काव्य किती कळतं मला माहीत नाही. त्यांना दिसतो तो लिहून घेणारा. "ती बोलली, त्यांनी लिहिलं, म्हणून राहिलं," ते मला म्हणाले. "पोरं पण नुसती बोलतात." आणि पिशवीवर हात ठेवला. बोलता बोलता त्यांनी स्वतःला मराठी साहित्याच्या इतिहासात नेऊन बसवलं होतं, पण ते इतक्या साधेपणानं, की मला हसू आवरायला त्रास झाला आणि हसल्याबद्दल नंतर लाजही वाटली.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कडू काळ मात्र २०१७ चा. त्या वर्षी मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकालांचा असा काही गुंता झाला की महिने उलटले. राज्यपालांनी लक्ष घातलं, दूरदर्शनपासून दिल्लीपर्यंत चर्चा झाली, ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. आम्हाला वाटलं भाऊ खूश होतील. भाऊ खचले. कायदा त्यांना तोंडपाठ होता: परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, आणि काही झालं तरी ४५ दिवसांत लावावा; आणि त्याच्या मागोमाग दुसरं कलम, की वेळापत्रक पाळलं गेलं नाही एवढ्यावरून परीक्षा अवैध ठरत नाही. या दोन कलमांच्या मधल्या फटीत त्यांनी उभी हयात घातली होती. आणि आता निकालाची राष्ट्रीय बोंब झाली ती मुंबईची! "आपल्याकडं चार दिवस उशीर झाला तर मी चार अर्ज करतो," ते म्हणाले, "आणि यांना काहीच न करता एवढा उशीर मिळाला." त्यांचं सांत्वन म्हणून मी त्यांना पॅरिसची गोष्ट सांगितली. १२२९ साली तिथल्या विद्यार्थ्यांचं गुत्त्यात दारूच्या बिलावरून भांडण झालं, मारामाऱ्या झाल्या, आणि विद्यापीठ दोन वर्षं बंद पडलं; शेवटी १२३१ मध्ये पोपनं स्वतः फर्मान काढलं तेव्हा मिटलं. भाऊ बराच वेळ विचार करत राहिले.

"बिलाची प्रत होती का त्यांच्याकडं?"

आता मूळ तक्रारीवर येतो. कारण सात फायलींच्या तळाशी एक मूळ तक्रार आहे, बाकीच्या तिची पिलावळ. इतरांना मार्क कमी पडतात. अर्जुनभाऊंना एक अक्षर जास्त पडलं. एफ.वाय.च्या गुणपत्रकात इंग्रजीत वडिलांच्या नावात एक 'ए' जास्तीचा आला. तो एस.वाय.ला आला, टी.वाय.ला आला, पदवीच्या कागदावर आला. त्या 'ए'मागं भाऊंनी जे काही केलं त्याची नुसती यादी केली तरी अंक भरेल. प्रतिज्ञापत्र झालं, राजपत्रात जाहिरात देऊन झाली, एकदा तर वडिलांनाच म्हणाले की तुम्हीच एक 'ए' वाढवून घ्या, कारखान्यातून रिटायर झालात आता कोणाला काय फरक पडतो. वडील आठ दिवस बोलले नाहीत.

आणि एके दिवशी, जवळपास वीस वर्षांनी, ते काम झालं. आपोआप. कुठल्याशा कपाटाची आवराआवर निघाली, एका भल्या माणसानं भाऊंचा मूळ परीक्षा फॉर्म शोधला, त्याची झेरॉक्स लावून टपालानं पाठवली: आपल्या विनंतीनुसार दुरुस्ती करण्यात येत आहे, सोबत मूळ अर्जाची प्रत. भाऊंनी मला बोलावून घेतलं. दोन्ही कागद टेबलावर होते, वर पेपरवेट.

मी फॉर्म पाहिला. एफ.वाय.चा. निळ्या शाईचा, टपोऱ्या अक्षरातला. वडिलांच्या नावात 'ए' एक जास्त होता. आणि अक्षर, ते टपोरं अक्षर, रांगेत भिंतीला टेकवून माझा बोनाफाईडचा अर्ज लिहिणारं, ते मी हजारांत ओळखलं असतं.

मी काही बोललो नाही. भाऊ खिडकीबाहेर बघत होते. दोन मिनिटांनी म्हणाले, "मी लिहिलं असेल. पण त्यांनी तपासायला नको का?"

मग कागद उचलला, उलटसुलट करून पाहिला, आणि चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला.

"जावक क्रमांक नाही याच्यावर."

सध्या भाऊंचं धुळ्यातच, देवपूरला, झेरॉक्सचं दुकान आहे. 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी. जून-जुलैत दुकानापुढं पाय ठेवायला जागा नसते. प्रवेश, परीक्षा फॉर्म, फोटोकॉपी, पुनर्मूल्यांकन, मायग्रेशन, शिष्यवृत्ती. घर, मुलाची फी, मागच्या वर्षी घेतलेली दुचाकी, सगळं त्यातून. यावर मी काही बोललो तर ते मला कागदाच्या रिमचा भाव आणि भारनियमन ऐकवतात, म्हणून बोलत नाही.

मागच्या जुलैत गेलो तेव्हा त्यांची पुतणी स्टुलावर बसली होती. पहिल्या वर्षाला, नव्या शैक्षणिक धोरणाची. मेजर काय, मायनर काय, क्रेडिट किती, हे तिनं भाऊंना तीनदा समजावलं होतं आणि भाऊंना कळलं नव्हतं. भाऊंच्या बाबतीत हे प्रथमच घडत होतं.

"काका, पोर्टलच उघडत नाहीये."

"बेकार आहे, असं म्हणू नको," भाऊ झेरॉक्सच्या उजेडात मान खाली घालून म्हणाले. "किती वाजता उघडलं नाही?"

"अकरा बावीसला. मग अकरा चाळीसला."

भाऊंची मान वर आली.

"याची काही…"

"स्क्रीनशॉट आहेत ना." तिनं फोन पुढं केला. तारीखवार फोल्डर होतं. सोमवारपासूनचे सत्तेचाळीस. प्रत्येकात वरच्या कोपऱ्यात वेळ, बॅटरी, नेटवर्कच्या कांड्या. नेटवर्क आपलं चालू होतं याचा पुरावा. भाऊंनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला, आणि एकेक चित्र सरकवत गेले. गिऱ्हाईक दोन वेळा 'भाऊ' म्हणालं, त्यांना ऐकू गेलं नाही.

"आणि पोच?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"मेल केला होता. ऑटो-रिप्लाय आला, तक्रार क्रमांक पण आहे. तेवीस आकडी."

भाऊंनी मशीनचं झाकण उघडलं, ट्रेमध्ये कोरे कागद सारखे करून घातले.

"काढ," ते म्हणाले. "दोन प्रती."